सुरीचें वय

जुन्या लष्करी सुऱ्यांचा मला नाद आहे, असें ऐकतांच पाहुणे खुर्ची किंचित् मागें सरकवितात. वास्तविक संग्राहक सुरीची धार पाहत नाहीं, वय पाहतो. ब्रिटिश कमांडोंची दुधारी सुरीच घ्या. शांघाय पोलिसांत नांव काढलेल्या फेअरबेर्न व साइक्स यांनीं ती योजिली. १९४१ मध्यें ती विल्किन्सन यांच्या कारखान्यांत घडूं लागली. पातें व मूठ यांमधील आडपट्टी नागमोडी असली, तर सुरी पहिल्या घडणीची. पट्टी सरळ व मुठीवर बारीक चौकड्या असल्या, तर बहुधा दुसरीची. ओतीव मुठीवर कड्यांसारखे वेढे असले, तर १९४३ पासूनची तिसरी. ही युद्धानंतरही निघत राहिली. म्हणून नुसत्या वेढ्यांवरून युद्धकाळ सिद्ध होत नाहीं.

पात्यावरचा छापही लबाडाला नव्यानें उठवितां येतो. खरी साक्ष जुन्या डागांची व झिजेची. म्हणून सुरी घासून लख्ख करूं नये.

तिनें कधीं रक्त पाहिलें काय, याचें उत्तर विक्रेते मोठ्या उत्साहानें देतात. मी तें ऐकून घेतों आणि किंमत पोलादाचीच देतों. पोलादावर वय लिहिलेलें असतें, पापपुण्य नव्हे.