पूर्वानुभवाचा रकाना

गेल्या महिन्यात पदोन्नतीच्या प्रस्तावासाठी एक अर्ज भरत होतो. त्यात 'पूर्वानुभव' नावाचा रकाना होता आणि त्याखाली सूचना होती : केवळ मान्यताप्राप्त पूर्णवेळ सेवा नमूद करावी. मी एक ओळ लिहिली, २०१९ पासून आजपर्यंत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाचे कामाचे आयुष्य त्या रकान्यात असे एका ओळीत आटोपले. तिच्याखाली बरीच मोकळी जागा उरली होती. त्या जागेत काय काय आले असते, याचा हा हिशेब.

माझे गाव निर्मळ. शंकराचार्यांच्या समाधीमंदिरामुळे आणि कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेमुळे ते ठाऊक असलेले पुष्कळ लोक आहेत. माझी पहिली कमाई याच यात्रेतली. नववीत असताना एका खेळणीवाल्याच्या दुकानी मी आठवडाभर उभा होतो. गिऱ्हाईक बोलावण्यासाठी ओरडायचे असे आणि ओरडायचे ते प्रमाण मराठीत. आमच्या घरात सामवेदी बोली. 'दुकानात घरच्यासारखे बोलू नकोस,' असे मालकाने पहिल्याच दिवशी बजावले होते. भाषेच्या वापराविषयीचा मला मिळालेला हा पहिला धडा.

दुसरे काम घरचेच. वसईच्या वाड्यांतली फुले आणि भाजी मुंबईला जाते, तशी आमचीही जाई. तगर, सोनचाफा, जास्वंदीच्या कळ्या. पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने नालासोपारा, तिथून लोकलच्या मालडब्यातून दादर. दहावीनंतरची पाच वर्षे मी बाबांबरोबर टोपल्या घेऊन जात होतो आणि फुले उतरवून झाली की परस्पर कॉलेज गाठत होतो. शर्टाला चाफ्याचा वास येई. मित्र विचारत, 'अत्तर कुठले लावतोस?' मी एका अत्तराचे नाव ठोकून दिले होते.

संध्याकाळी नालासोपाऱ्यात एका एस.टी.डी. बूथवर बसत असे. रात्री दर उतरले की रांग लागे. काचेपलीकडे माणसे गावाकडच्यांशी बोलत, कधी रडत आणि मी मीटरकडे पाहत राही. ज्याचे दुःख लांबे त्याचे बिल वाढे. हे त्या वेळी मला विचित्र वाटत नव्हते, हेच आता विचित्र वाटते.

एम.ए. करताना आणि नंतरही मुद्रितशोधक होतो. पानामागे पैसे मिळत. १९६२ साली शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम मी वर्गात शिकलो नाही. ते छापखान्यात पाठ झाले. एकदा आमच्याच भागातल्या एका लेखकाच्या कथा तपासायला आल्या. त्यांत बोलीतले संवाद होते. मी ते सारे 'दुरुस्त' केले. लेखकाने काही म्हटले नाही. कदाचित त्यालाही तेच बरोबर वाटले असावे. बोलींविषयी मी पुढे दोन निबंध वाचले. पण त्या कथांचा उल्लेख दोन्हींत टाळला.

मग तासिका तत्त्वावर चौदा वर्षे. एका वेळी तीन महाविद्यालये, त्यांतल्या एकाही ठिकाणी बसायला खुर्ची नाही. एका ठिकाणी मानधन वर्षाअखेरीस एकदम मिळे, तेही विचारत राहिल्यास. पेपर तपासायचे, स्नेहसंमेलनाला उभे राहायचे आणि मे महिन्यात कुणाचेच नोकर नसायचे. त्या मे महिन्यांत मी पुन्हा वाडीत पाणी शिंपले आहे.

नारायण सुर्वे शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, की हा कवी गिरणीत राबला, शाळेत शिपाई होता, पुढे शिक्षक झाला. 'माझे विद्यापीठ' हा १९६६चा संग्रह या वाटचालीतून आला. 'अनुभवविश्वाची समृद्धी' हा शब्दप्रयोग फळ्यावर लिहून मी तास संपवीत असे. आता त्या शब्दाची शंका येते. कामे माणसाला आपोआप समृद्ध करीत नाहीत. मला फुलांनी पाच वर्षांची अपुरी झोप दिली आणि बूथने मीटरकडे पाहण्याची सवय लावली. सुर्व्यांनी आपली कामे नाव घेऊन कवितेत आणली. मी माझी लपवली. आमच्यातले अंतर प्रतिभेचे आहेच. पण त्याआधी ते या गोष्टीचे आहे.

लपवण्याचा सर्वांत वाईट प्रसंग सांगायला हवा. २००० साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमचे कवितेचे प्राध्यापक दादरच्या फुलबाजारात आले. मी टोपलीमागे बसलो होतो. ते दिसताच उठलो, टोपलीला वळसा घालून पुढे गेलो आणि गिऱ्हाइकासारखा वाकून बाबांना भाव विचारला. बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग प्रमाण मराठीत म्हणाले, 'घ्या ना, ताजी आहेत.' आयुष्यात एकदाच त्यांनी मला अहो-जाहो केले. सरांनी फुले घेतली, मीही घेतली, पैसेही दिले. परतीच्या गाडीत बाबांनी ते पैसे माझ्या खिशात ठेवले आणि पावसाविषयी बोलू लागले. २०१२ साली ते गेले. तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. निघाला असता तर काय बोललो असतो, हे मला अजून सुचलेले नाही.

हे सगळे आत्ता वर आले, त्याला अर्ज एवढेच कारण नाही. द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगा पहिल्या तासाला नेहमी उशिरा येतो. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमाप्रमाणे मी त्याच्यापुढे गैरहजेरी लावत होतो. परवा तो जवळून गेला आणि वास ओळखीचा वाटला. मी विचारले, 'पहाटे कुठे असतोस?' तो म्हणाला, 'सर, जिमला जातो.'

मी पुढे काही विचारले नाही. त्याचे खोटे उघडे पाडण्याचा अधिकार मला कसा असणार? मात्र वेळापत्रक समितीला पत्र दिले आहे, की मराठीचा तास पहिल्याऐवजी तिसरा करावा. कारण विचारले गेले. मी लिहिले, 'विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी.' पत्र देऊन झाल्यावर वाटले, इथेही मी टोपलीला वळसा घालून पुढेच आलो. पुढच्या आठवड्यात सुर्वे सुरू करायचे आहेत. या वेळी सुरुवात दादरच्या त्या सकाळपासून करीन म्हणतो. तो मुलगा वर्गात असला तर बरे होईल.