घरचे मैदान

‘घरचे मैदान’ हा शब्दप्रयोग वस्तुतः मोठा विसंगत आहे. घराला भिंती असतात, उंबरठा असतो, आत मोजकी आपली माणसे असतात. मैदान ही सर्वांना मोकळी असलेली जागा. तरीही खेळाविषयी बोलताना आपण तो सहज वापरतो. बंगळुरूच्या चिन्नस्वामी स्टेडियमचा विचार करताना हे घर नेमके कोणाचे, असा प्रश्न मला पडतो.

कब्बन पार्कजवळच्या या मैदानावर पहिला कसोटी सामना नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. मार्च १९८७ मध्ये, चेंडू विलक्षण वळत असताना, सुनील गावसकरांनी पाकिस्तानविरुद्ध आपल्या अखेरच्या कसोटी डावात येथेच ९६ धावा काढल्या. भारत १६ धावांनी हरला. पण त्या डावामुळे कानडी मुलखातले हे मैदान मराठी रसिकाच्याही स्मरणात घर करून राहिले.

२००८ पासून मात्र ते ‘रॉयल चॅलेंजर्स’ या व्यावसायिक संघाचे घर झाले. संघाची मालकी उद्योगाकडे, खेळाडू बहुतांशी लिलावातून आलेले. अमेरिकी फुटबॉलमध्ये हा व्यवहार जुना आहे. १९८४ मध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ रातोरात मालमोटारी भरून इंडियानापोलिसला निघून गेला. मैदान आणि प्रेक्षक मागे राहिले. संघाला बिऱ्हाड हलवता येते, प्रेक्षकाला नाही. तेव्हा मैदानाला घरपण येते ते प्रेक्षकाच्या निष्ठेमुळेच. बंगळुरूकरांनी ही निष्ठा सतरा हंगाम विजेतेपदावाचून निभावली आणि दिल्लीच्या विराट कोहलीला आपल्या घरचा मानले.

३ जून २०२५ रोजी अहमदाबादेत संघाने प्रथमच आयपीएलचे विजेतेपद मिळवले. दुसऱ्या दिवशी विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत चिन्नस्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जणांचा मृत्यू झाला. आत सत्कार, दाराशी मृत्यू! ज्यांच्यामुळे त्या वास्तूला घर म्हणावे, तेच तिच्या उंबऱ्यावर परके ठरले.

शब्द वापरणाऱ्यावर त्याच्या अर्थाचे दायित्व येते, असे आम्ही साहित्याचे अभ्यासक मानतो. ‘घरचे’ हे विशेषणही त्याला अपवाद नाही. घर म्हणवणाऱ्या जागेने दाराशी आलेल्याला सुखरूप आत घ्यावे आणि सुखरूप परत पाठवावे. एवढे साधत नसेल, तर तिला नुसते मैदान म्हणणेच प्रामाणिकपणाचे होईल.