ओळखीतली गाडी

मैत्रिणींनो, आपण बायका पावशेर वांगी घेताना एकेक वांगं उलटंसुलटं करून, देठ बघून, किडीचं भोक शोधून मगच तराजूत टाकतो. साडीचा पदर उजेडात धरतो, स्टीलच्या डब्याचं झाकण चारदा लावून पाहतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण तीस-पस्तीस हजारांची जुनी मोटरसायकल घरात यायची असली, की मात्र आपल्याला सांगतात, "तुला त्यातलं काय कळतंय? तू चहा ठेव." आणि गाडी ओळखीतली असेल तर पुरुष मंडळीही फारसं काही बघत नाहीत. ओळखीच्या माणसाच्या दारात त्याच्याच गाडीखाली वाकून बघायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं ना!

आमच्याकडे २०२३ सालच्या मे महिन्यात अशीच एक ओळखीतली गाडी आली. तिनं आम्हाला जे शिकवलं ते तुमच्या कानावर घालावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही कराडला राहतो. हे तासवडेच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. दुपारची शिफ्ट असली की सुटायला रात्रीचे दहा वाजतात आणि त्या वेळी एसटी मिळेल याचा भरवसा नसतो. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. म्हणजे जितके तास तितके पैसे, सुट्टीत तास नाहीत तर पैसेही नाहीत. त्यातून आणि भिशीतून साठवलेले २८ हजार माझ्याजवळ होते. नवी गाडी हप्त्यानं घ्यायची म्हटलं, तर घरभाडं आणि मुलाची फी भागवून हप्त्याला काही उरेना. तेव्हा जुनीच घ्यायची ठरली.

ह्यांच्या एका सहकाऱ्याच्या मेहुण्यांना गाडी विकायची होती. २०१४ सालची, १०० सीसीची, मीटरवर ३१ हजार किलोमीटर. किंमत ३३ हजार. संध्याकाळी सहाला हे बघायला गेले. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, आवाज गोड, धूर नाही. घरातली माणसं चांगली, त्यांच्या आईंनी पोहे केले. हे खूश होऊन घरी आले.

गाडी आमच्या दारात आली तेव्हा मी आर.सी. हातात घेतलं. त्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव! मेहुणे म्हणाले, "वहिनी, ते माझ्या मित्राचं नाव. मी त्याच्याकडून घेतलेली. सह्या आणून देतो की, घरचीच माणसं आपण." मी म्हटलं, "मग असं करू या भाऊजी, २८ आत्ता घ्या, पाच नाव लागल्यावर देतो." ते जरा हिरमुसले. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं. पण माझी आई शिंप्याला ब्लाउज अंगात घालून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देत नसे, तेच वळण माझ्या अंगात आहे. पाच हजार माझ्याकडेच राहिले. म्हणजे खरं तर ते अजून साठायचेच होते!

पंधरा-वीस दिवस गाडी बरी चालली. मग सकाळी सुरू करताना मागून निळसर धूर यायला लागला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बरं झालं बाई, डास तरी पळतील." आम्ही हसलो खरे, पण धूर रोज वाढायला लागला. ह्यांनी गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या चाचांकडे नेली. मीही बरोबर गेले. चाचांनी ऑइलची कांडी बाहेर काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "ताई, हे ह्या इंजिनाचं ऑइल नाही. धूर आणि आवाज दाबायला जाड ऑइल भरलंय. आणि तेही निम्मं जळून गेलंय." मग त्यांनी विचारलं, "गाडी बघितली कधी? सकाळी की संध्याकाळी?" हे म्हणाले, "संध्याकाळी. ते नुकतेच बाजारातून आले होते." चाचा नुसते हसले. "गरम इंजिन कुणाचंही पहिल्या किकला सुरू होतं साहेब."

त्यांनी योग्य ते ऑइल भरलं आणि रविवारी इंजिन खोलायचं ठरलं. पण रविवार उजाडायच्या आधीच शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास, महामार्गावर, जुलैच्या पावसात इंजिन जाम झालं. हे अकरा वाजून गेल्यावर गाडी ढकलत, नखशिखांत भिजून घरी आले. "बंद पडली" एवढंच म्हणाले आणि न जेवता झोपले. दोन दिवसांनी खरं काय ते सांगितलं. चालत्या गाडीचं मागचं चाक एकाएकी आवळलं गेलं होतं, गाडी घसरायला लागली होती आणि मागून ट्रकचे दिवे येत होते. त्यांनी झटकन क्लच दाबला म्हणून चाक मोकळं झालं आणि गाडी कडेला घेता आली. मैत्रिणींनो, ते ऐकताना मी पोळ्या लाटत होते. माझे हात तिथंच थांबले. पैशांचा हिशेब तोवर मनात चालला होता, तो त्या क्षणी पुसून गेला.

चाचांनी इंजिन खोललं. पिस्टन झिजलेला, त्याच्या रिंगा गेलेल्या, सिलिंडरला आतून ओरखडे. लेथवर बोअर करून मापापेक्षा मोठा पिस्टन बसवावा लागला. टायमिंग चेन बदलली, क्लचप्लेटा बदलल्या. मागच्या चेन-चक्राचे दाते तर खवणीसारखे टोकदार झाले होते. मीटरवर ३१ हजार असले, तरी फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, ब्रेकच्या पट्टीवरची नक्षी पुसलेली. चाचा म्हणाले, "मीटर मागे फिरवता येतं ताई, झिजलेलं रबर मागे फिरवता येत नाही." एकूण खर्च ८,७०० रुपये. मी शाळेतल्या बाईंकडून उसने आणले.

आता जरा नाजूक गोष्ट सांगते. त्या आठवड्यात हे घरात अगदी मुके झाले होते. मुलावर विनाकारण डाफरत, ताटावरून अर्धवट उठत. आपल्या बायकोच्या कष्टाचे पैसे आपल्या हातून गेले, हे त्यांना लागलं होतं. "तरी मी म्हणत होते" हे चार शब्द माझ्या ओठांवर कितीदा तरी आले. मी ते गिळले. फसवणारा वेगळा आणि फसलेला वेगळा. घरात रोज दिसतो तो फसलेला, म्हणून शिक्षाही त्यालाच, हा कुठला न्याय? एका रात्री मी एवढंच म्हटलं, "पैसे पुन्हा साठतील. तुम्ही क्लच दाबलात, तेवढं मला पुरे आहे." त्यानंतर ते पहिल्यांदा मोकळेपणी बोलले. मग आम्ही ठरवलं, गप्प बसायचं नाही, पण भांडायचंही नाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं मेहुण्यांकडे गेलो. मी जुना पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतला होता. मेहुणे म्हणाले, "जुनी गाडी आहे वहिनी. जुन्या गाडीला काय गॅरंटी असते का?" मी म्हटलं, "गॅरंटी मागत नाही भाऊजी. पण त्यात जाड ऑइल कुणी भरलं, तेवढं सांगा." आणि पिस्टन टीपॉयवर ठेवला. कुणी काही बोलेना. ह्यांनी महामार्गावरची हकीकत सांगितली, आवाज न चढवता. तोवर दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या आई पुढं आल्या. लेकाला म्हणाल्या, "किती यायचे राहिलेत रे ह्यांच्याकडून?" "पाच हजार." "ते आता मागू नकोस. आणि सह्या या आठवड्यात आणून दे."

सह्या मात्र आठवड्यात आल्या नाहीत. मूळ मालकाला "गाडी विकून झाली, आता माझा काय संबंध" असं वाटत होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वकील आहेत, त्यांनी मला समजावून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की गाडी पुढे कितीही हातांत गेली, तरी सरकारदप्तरी ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते. हे त्या मूळ मालकांच्या कानावर घातल्यावर ते दुसऱ्याच दिवशी स्वतः आले आणि सह्या करून गेले!

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. घरात जुनी दुचाकी यायची असेल, तर चहा जरूर ठेवा, पण गाडी बघायलाही जा.

गाडी सकाळी बघावी, इंजिन थंड असताना. आधीच कळवावं, की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. हात इंजिनाजवळ नेला की ऊब कळते. सुरू केल्यावर धूर बघावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय, आणि ते काम मोठं असतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. ते काम बहुधा थोडक्यात होतं. थंडीच्या सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ दिसते, तिला घाबरू नये. ऑइलची कांडी काढून बघावी. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ नाही ना, ते पाहावं. मधल्या स्टँडवर गाडी लावून, पुढचं चाक अधांतरी करून हँडल हलकेच दोन्हीकडे फिरवावं. मध्यावर खट्ट अडकलं तर आतल्या गोळ्यांचं काम आहे. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. आणि हे सगळं जमलं तरी दोन-तीनशे रुपये देऊन आपल्या माहितीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. विकणाऱ्याच्या माहितीचा नव्हे.

मग कागद. आर.सी.वर विकणाऱ्याचंच नाव हवं. इंजिन आणि चासीवरचे नंबर आर.सी.शी ताडून बघावेत. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा स्वच्छ उमटतो. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा बोजा उतरलेला हवा. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात. त्या पैसे देतानाच घ्याव्यात. गाडी आपल्याच राज्यातली असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करण्यासाठीही १४ दिवसांत अर्ज द्यावा. पीयूसीची तारीख बघावी. मागच्या मालकानं न भरलेले दंड ऑनलाइन बघता येतात, तेही बघून घ्यावेत. आणि नाव लागेपर्यंत थोडी रक्कम आपल्याकडे ठेवावी. ती हातात असली की समोरच्याच्या पायांना आपोआप गती येते.

आमची गाडी आता ह्यांच्या नावावर आहे. नवा पिस्टन बसवल्यावर पहिले ५०० किलोमीटर हळू चालवायला चाचांनी बजावलं होतं, ते हे इतक्या निष्ठेनं पाळत, की सायकलवाले पुढं जात! नंतरच्या संक्रांतीला मी मेहुण्यांच्या आईंना हळदीकुंकवाला बोलावलं, आणि त्या आल्या. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू त्या दिवशी आलीस ते बरं केलंस. घरी बसून मनात ठेवलं असतंस, तर आज मला हे दार बंद झालं असतं."

तेवढंच तुम्हाला सांगायचं आहे. ओळख असली की विचारायला लाजायचं नाही. चोख व्यवहारानं ओळख तुटत नाही, न विचारलेल्या प्रश्नांनी तुटते.