शंकेची पाल

एक्केचाळिसाव्या वर्षी पालीच्या भीतीसाठी पैसे मोजून कुणाकडे तरी जायचं, हे घरात सांगायचीच मला जास्त भीती वाटत होती. पण ओट्यामागे पाल दिसली म्हणून सलग तीन दिवस बाहेरून डबा मागवला, तेव्हा नवऱ्यानेच एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमची अपॉइंटमेंट घेतली.

मॅडम बालपणाबद्दल खोदून विचारतील म्हणून मी तयारीने गेले होते. आजोळचा वाडा, आढ्यावरून अंगावर पडलेली पाल, सगळं. त्यांनी ते दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "पाल दिसली की तुम्ही नेमकं काय करता?"

"पळते."

"मग?"

"सुटल्यासारखं वाटतं."

"ती सुटकाच तुमच्या भीतीचं खाद्य."

मला काही कळेना. पळाल्यावर मिळणारी सुटका म्हणजे बक्षीस, त्या म्हणाल्या. त्यामुळे पुढच्या वेळी पाय आणखी लवकर उचलले जातात आणि 'पाल काही करत नाही' हे मनाला शिकायलाच मिळत नाही.

"घरात जास्त घातक काय? पाल की प्लगचं उघडं सॉकेट?"

"सॉकेट."

"मग त्याला बघून कधी घाम फुटलाय?"

मी गप्प. सरपटणारे प्राणी माणसाच्या पूर्वजांना लाखो वर्षं भेटत आले, वीज कालची. म्हणून काही भीती आपण चटकन शिकतो, असं मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९७१मध्ये मांडलं होतं म्हणे. मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी यांनी तर भीतीला धुराच्या अलार्मची उपमा दिली. तो फोडणीच्या धुरानेही वाजला तर चालतं, खऱ्या आगीत गप्प राहिलेला मात्र परवडत नाही. म्हणजे मी वेडी नव्हते, माझा अलार्म जरा जास्तच इमानदार होता!

पण उपाय ऐकला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणला गेला, आणि शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. मलाही तसंच पायरीपायरीने जायचं होतं. आधी फोटो, मग रबरी पाल, मग खरी.

फोटो मी अंगठ्याने झाकूनच पाहिला. रबरी पालीवर हात ठेवायचा आणि शंभरपैकी भीती किती ते सांगत राहायचं. "पंच्याऐंशी… ऐंशी… अजून ऐंशीच…" चहा थंडगार झाला तेव्हा कुठे पंचेचाळीस! मॅडमनी आधीच बजावलं होतं, "जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव बसतो. म्हणून ती अधूनमधून डोकं वर काढेल."

काढलंच. काल ओट्यामागे पुन्हा तीच. "नव्वद," मी पुटपुटले. कढईत मोहरी तडतडत होती, गॅस सोडून पळणार कुठे? एक डोळा भिंतीवर ठेवून कांदा परतला, भेंडी टाकली. भाजी शिजली तेव्हा पन्नास झाले होते.

पाल होती तिथेच होती.