नळीखालचे शिक्के

आमच्या घरी तीन हत्यारं होती, असं सांगितलं की पुण्यातली माणसं जरा सरकून बसतात. राधानगरी तालुक्यात कोणी सरकत नाही. तिकडे उसात डुकरं शिरतात, पिकात गवे उतरतात, आणि शेतीसाठी लायसन काढलेली बंदूक विळ्या-कोयत्यांच्या पंगतीत धरली जाते. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यापासून तिचं काम बहुतेक आवाज करण्यापुरतंच उरलं. तरी खंडेनवमीला तिची पूजा होते, आणि बायकांनी तिला हात लावायचा नाही हा नियमही चालत राहतो. मी त्याच घरातली मुलगी, आणि आज लायसनवर नाव माझं आहे. हे ज्यांच्यामुळे जमलं त्यांना कोल्हापुरातली गिऱ्हाईकं चाचा म्हणायची. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथेही चाचाच.

माझे आजोबा, आबा, गेले तेव्हा तिन्ही हत्यारं चाचांच्या बंदुकांच्या दुकानात जमा झाली. लायसनदार गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात ठेवायचं आणि वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा. बाकीच्या वारसांच्या ना-हरकती, प्रतिज्ञापत्रं, पोलीस चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालयाचे जिने. थोरल्या काकांचे गुडघे त्याला तयार नव्हते आणि माझ्या वडिलांना मुळात आवड नव्हती. त्यात २०१९ ची दुरुस्ती आलेली. १९८३ पर्यंत किती हत्यारं ठेवावीत याला मर्यादा नव्हती, मग तीन झाली, आता दोन. वारसाने आली तरी दोनच. आबांच्या लायसनवर तिन्ही बसत होती. माझ्या नावावर बसणार दोन. एक सोडायची होती आणि कुठली, हे ठरवण्याइतकंही मला त्यातलं काही कळत नव्हतं.

हत्यारं ठेवून घेतल्याची पावती फाडताना चाचा म्हणाले, "तेल मी देत जाईन. पण बघायला तुम्ही यायचं, ताई. लायसन झाल्यावर मला फोन करून विचारणार काय, घोडा कुठला न् चाप कुठला?"

तेव्हापासून कोल्हापूरला काही काम निघालं की मी दुकानात जाऊन बसू लागले. पहिला धडा सगळ्यात कंटाळवाणा होता आणि तो त्यांनी कधीच संपू दिला नाही. बंदूक हातात आली की नळ्या मोडायच्या आणि आत काडतूस नाही हे डोळ्यांनी बघायचं. त्यांनी माझ्यासमोर बघून माझ्या हातात दिली, तरी मी पुन्हा बघायचं. मी परत दिली की ते पुन्हा बघायचे. दुनळीच्या दोन नळ्या सारख्या नसतात हे मला तिथे कळलं. आमच्या बंदुकीची उजवी जरा मोकळी, तर डावी तोंडाशी आवळलेली. पहिला बार जवळ, तोवर जनावर लांब पळालेलं, म्हणून दुसऱ्या बाराचे छर्रे फार पसरू नयेत. बारा बोअरमधला बारा हा आकडाही मी इंच-सूत असा काही धरून चालले होते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक त्या नळीत बरोबर बसते, एवढाच त्याचा अर्थ. आबांची जुनी कागदी काडतुसं पावसाळ्याच्या दमटपणाने फुगून नळीत जाईनाशी झाली होती. ती त्यांनी मला घालून बघायला लावली नाहीत, नुसती बोटाने दाबून दाखवली आणि बाजूला काढली.

एकदा नळीवर घोड्यांच्या थोडं पुढे पाच-सहा गोल खड्डे दाखवून त्यांनी विचारलं, "हे काय?" मला सांगता येईना. "खंडेनवमी," ते म्हणाले. दर वर्षी ओल्या हळदकुंकवाचं बोट त्याच जागी टेकायचं आणि पूजा मोडेपर्यंत तसंच राहायचं. गंजाने पोलाद तेवढ्यात खाल्लेलं. "पूजा करा, नको कोण म्हणतंय? टिळा तेवढा लाकडावर लावा." आता आमच्या घरी टिळा कुंद्यावर लागतो. हा बदल एका मुसलमान मिस्त्रींनी सुचवला, हे मी काकांना मुद्दाम सांगते आणि त्यांनाही ते मान्य असतं.

या दुनळीची एक गोष्ट होती. पणजोबा राधानगरीच्या जंगलात शाहू महाराजांच्या शिकारीत हाकाऱ्यांचे म्होरके होते. जखमी गवा उलटून आला, पणजोबा आडवे गेले आणि महाराजांनी हातातली बंदूक तिथल्या तिथे बक्षीस दिली. आबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा गव्याचा फुत्कारही काढून दाखवायचे. आमच्याकडच्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा ती बंदूक यायची.

चाचांनी एके दिवशी तिच्या नळ्या सोडवल्या, उलट्या धरल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. "वाचा."

मुकुट. त्याखाली बी, एन, पी ही अक्षरं. शेजारी, तीन टन.

इंग्लंडमध्ये बंदूक विकण्याआधी तिची परीक्षा घेतात. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढायचा. नळी टिकली तर तिच्यावर शिक्का. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ पासून हे काम करतं. शिक्क्यांचे नियम वेळोवेळी बदलले, आणि नळी दर चौरस इंचाला किती टन दाब सोसते हे कोरायला सुरुवात झाली ती १९५४ च्या नियमांनी. बीएनपी हा शिक्काही तेव्हाचाच. त्याआधीचा एकही शिक्का या नळ्यांवर नव्हता. शाहू महाराज गेले १९२२ साली.

मी भिंग खाली ठेवलं. आबांना हे माहीत होतं का, एवढंच मला विचारता आलं.

"पाटलांनीच तर घेतली ती. मुंबईहून, आमच्या वालिदांच्या ओळखीनं. मी तेव्हा एवढासा. पेटीतून काढल्यावर पहिलं तेल मी दिलं." महाराजांनी दिलेली बंदूक असेलही, ते म्हणाले, पण ती पणजोबांच्या आजारपणात गेली. तिच्या जागी आबांनी ही आणली आणि गोष्ट हिला लावली. "एकदा ह्याच बाकावर चार माणसांत सांगत होते. मी नळी पुसत होतो. मधेच त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आपला पुसत राहिलो."

मग आत्ताच का सांगितलंत, असं मी विचारल्यावर म्हणाले, "तुम्हाला दोन निवडायच्यात. हिशेब पुरा नको?"

हिशेबातली दुसरी रक्कम धान्याच्या कणगीमागे उभी असायची. ठासणीची, माणसाच्या खांद्याएवढी उंच, तीन पट्ट्यांची. घरात तिची कोणी गोष्ट सांगत नव्हतं. पूजेतही ती शेवटी. चाचांनी तिच्या घोड्याखालची पट्टी रॉकेलच्या फडक्याने थोडी थोडी करत उघडी केली, घाई नाही, पॉलिश तर अजिबात नाही. गंजाखालून मुकुट आला, व्हिक्टोरिया राणीची व्ही आणि आर ही अक्षरं आली, मग १८५९ आणि टॉवर. विलायतेत सरकारी सैन्यासाठी बनलेली एन्फिल्ड. पण नळीत आटे नाहीत, आणि नेम धरायची मागची खाच एकच, अंतराप्रमाणे उचलता न येणारी. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना मुद्दाम अशा बिनआट्याच्या बंदुका दिल्या. आटे नसले की गोळी लांबवर सरळ जात नाही. आटेवाली एन्फिल्ड गोऱ्यांच्या हातात राहिली. खुद्द कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला होता, तेव्हा ही धास्ती इथल्या मातीतलीही होती. शाळेत १८५७ शिकताना मला काडतुसाची चरबी तेवढी पाठ होती. अविश्वास नळीच्या आतून बोट फिरवून तपासता येतो, हे पुस्तकात नव्हतं.

तिसरं हत्यार वेब्ली अँड स्कॉटचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. मधून मोडलं की सहाही पुंगळ्या एकदम वर उचलणारं, देखणं. ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची आयात जवळपास बंद झाल्यापासून त्याला आपल्याकडे भलताच भाव आहे. ज्या देशाने ते बनवलं तिथे १९९७ पासून सामान्य माणसाला असं पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगताच येत नाही, हा त्यातला विनोद. आबांनी ते उतारवयात घेतलं, फारसं वापरलं नाही. नातेवाइकांचा सल्ला एकमुखी होता: रिव्हॉल्व्हर ठेव, ते गंजकं लाकूड सोड. मी रिव्हॉल्व्हर सोडलं. चाचांनी रीतसर परवानगीने ते दुसऱ्या लायसनदाराला लावून दिलं, आपली ठरलेली टक्केवारी घेतली आणि हत्यारं सांभाळल्याचं भाडंही महिन्याच्या दराने पावतीसकट घेतलं. शिकवण्याचे किती, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

त्यांच्या मुलांनी हा धंदा धरला नाही, आणि धरावा असं त्यांनीही म्हटलं नाही. नवी लायसनं निघत नाहीत, जुनी माणसं जातात, दुरुस्तीला येतं काय? दुकान बंद झालं, ते मुलीकडे मिरजेला गेले. मी अजून जाते. डोळे अधू झालेत, पण बोलता बोलता मी एखाद्या आवाजाचं वर्णन केलं की कुठली कमान सैल आहे ते सांगतात. कायद्याने मी आबांची वारस. चाचांची वारस लावायला अर्जाचा नमुना नाही, आणि ते बरंच आहे; ना-हरकत आणायला मी कुणाकुणाकडे गेले असते?

खंडेनवमीला काका अजून गव्याची गोष्ट सांगतात. फुत्कारासकट. मी कुंद्यावरचा टिळा नीट लागलाय का ते बघत राहते. गेल्या वर्षी पूजेनंतर मी नळ्या सोडवून तेल देत होते, तेव्हा चुलतभावाची मुलगी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, इथे टन का लिहिलंय? एवढी जड आहे?" तिला मी परीक्षागृहापासून १९५४ पर्यंत सगळं सांगितलं. तिने बोटांवर वजाबाकी केली, काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिने दुसरं फडकं घेतलं आणि डावी नळी पुसायला लागली.