सोयाबीन विकून मंचुरियन

सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या घरी एकदा बाहेर जेवण होतं. पूर्वी ते ढाब्यावरच्या शेवभाजीवर भागायचं. आता पोट्टे ऐकत नाहीत. 2025च्या हंगामात खामगावला माल देऊन आम्ही सगळे एका एसी ‘फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये शिरलो. मेन्यूकार्डावर इंडियन, चायनीज, इटालियन, मेक्सिकन आणि सगळ्यांच्या डोक्यावर ठळक ‘प्युअर व्हेज’. काकांनी कार्ड उलटंपालटं केलं आणि वेटरला विचारलं, “भाकर हाय का रे बाबू?” नव्हती.

पुण्यात शिकणाऱ्या पुतणीने पास्ता मागवला. पांढरा, गोडसर, कोमट. वर चीजचा कीस, तोही न वितळलेला. दोन घासांत तिने बशी बाजूला सारली. आचाऱ्याला तरी काय बोलणार? ज्याने जन्मात धड पास्ता चाखला नाही, त्याच्याकडून मालक तो करून घेतो.

मंचुरियनची गोष्ट वेगळी. ते कढईतून थेट टेबलावर आलं. काळपट, चकाकणारा दाट रस्सा, लसणाचे जाड तुकडे, तिखट हिरवी मिरची, वरून पातीचा कांदा आणि हो, मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीरही. काकांनी एक गोळा चमच्याने फोडला, आत निरखून पाहिलं. “हे तं पत्ताकोबीचे भजे हायेत, रश्शात टाकले.” निदान अचूक होतं. दुसरी प्लेट त्यांनीच सांगितली.

“काळं कशानं झालं हे?”

“सोया सॉस, आजोबा. सोयाबीनचाच करतात.”

काका थांबले. तो सॉस मुळात सोयाबीन आणि गहू आंबवून, महिनोन्‌महिने मुरवून करतात. आपलं बहुतेक सोयाबीन मात्र तेल गाळायला जातं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. त्या साली हमीभाव होता क्विंटलला 5,328 रुपये. व्यापाऱ्याने ओल दाखवून आमचा माल बेचाळीसशेला घेतला होता. प्लेट 170 रुपयांची. काकांचा हिशेब तोंडी: “म्हंजे चार किलो सोयाबीन खाल्लं म्या एका बशीत.”

मंचुरियन चीनमधून आलेलंच नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी ते 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. ते चिकनचं होतं, कोबीचा अवतार नंतरचा. कॉर्नफ्लोअर मक्याचं, आणि मका तर आमच्या घाटाखालच्या शिवारात उभाच असतो. चीन त्यात सॉसपुरता. म्हणून तर ते इथल्या हाताला जमतं आणि काकांच्या जिभेला रुचतं. पास्त्याला इथे असं कुणी आपलंसं केलेलं नाही. तो अजून कार्डाची शोभा वाढवायलाच आहे.

खामगाव, चिखली, मेहकरकडे आलात तर संध्याकाळी चायनीजची गाडी शोधा, कढईजवळ उभं राहून मंचुरियन गरम खा. आणि कार्डावर चार देश दिसले, तर पास्ता मागवू नका.