उडत्या हत्तीचं लंडन

लंडनला गेलात की बिग बेनसमोर फोटो काढा, जरूर काढा. पण मग वेस्टमिन्स्टर ब्रिज ओलांडून थेम्सच्या काठाने डावीकडे वळा. लंडन आयच्या रांगेला टाटा केलात की थोड्याच वेळात रॉयल फेस्टिव्हल हॉल लागतो. १९५१ सालची ही इमारत बाहेरून सरकारी ऑफिससारखी दिसते, पण फॉयरमध्ये कुणीही फुकटात जाऊन बसू शकतं. मीही कॉफी घेऊन बसले. कानात हेडफोन आणि त्यात याच हॉलमधला लाइव्ह अल्बम, ‘ब्लॅक मॅजिक नाइट’, १९७७. बँड ओसिबिसा.

कोण हे ओसिबिसा? तुमच्या काकांना विचारा, ते कॉलेजात वेस्टर्न ऐकत असतील तर डोळे चमकतील. १९८१ मध्ये हा बँड भारतात येऊन वाजवून गेला, त्याचा लाइव्ह अल्बमही आहे.

गोष्ट सुरू होते घानाच्या कुमासी शहरात. तिथला टेडी ओसेई सॅक्सोफोन वाजवायचा. गिटार, ट्रम्पेट आणि आफ्रिकन ताल यांचं हायलाइफ नावाचं नाचाचं संगीत तेव्हा तिथल्या क्लब्जमध्ये जाम चालायचं. १९६२ मध्ये टेडी लंडनला आला, घाना सरकारच्या स्कॉलरशिपवर संगीत शिकला आणि १९६९ मध्ये बँड काढला. ट्रम्पेटवर धाकटा भाऊ मॅक टोंटो आणि ड्रम्सवर सोल अमारफिओ, दोघंही घानाचे. इथपर्यंत घरचाच मामला. पण तालवाद्यांवर लाफ्टी अमाओ नायजेरियाचा, गिटारवर वेंडेल रिचर्डसन अँटिग्वाचा, बेसवर स्पार्टाकस आर ग्रेनाडाचा आणि कीबोर्डवर रॉबर्ट बेली त्रिनिदादचा!

आता सांगा, ही सात माणसं आक्रा किंवा कुमासीत एकत्र आली असती? मला नाही वाटत. ते समजून घ्यायला ट्यूब पकडून ब्रिक्स्टनला जावं लागतं. ओसिबिसाचं स्मारक वगैरे शोधायला नव्हे, बाजारात हिंडायला. इलेक्ट्रिक अॅव्हेन्यूवर एकाच ठेल्यावर सुरण वाटावा असा याम, हिरवी राजेळी वाटावीत अशी केळी आणि शेजारी खारवलेला मासा. जमैकाची आजी आणि पश्चिम आफ्रिकेतली मावशी त्याच ढिगातून निवडत असतात. एकीच्या पूर्वजांना गुलाम म्हणून जहाजात कोंबून नेलं, दुसरीचे मागे राहिले, आणि दोघींची गाठ पडली ती साहेबाच्या गावात. ओसिबिसाचं संगीत हे असलं आहे. लंडन वजा केलं तर ते उरतच नाही.

आणि ते लंडन काही प्रेमळ नव्हतं. बँड निघाला त्याच्या आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, ईनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने परदेशातून येणाऱ्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण ठोकलं होतं. त्याच देशात १९७१ मध्ये ओसिबिसाचा पहिला अल्बम चार्टवर अकराव्या नंबरला गेला. कव्हर रॉजर डीनचं, त्यावर पंख फुटलेले हत्ती. सही! १९७६ मध्ये ‘सनशाइन डे’ टॉप ट्वेंटीत आलं.

मग डिस्कोची लाट आली आणि चार्टवरची जागा गेली. रॉकवाल्यांना हे फार आफ्रिकन वाटायचे आणि अस्सल आफ्रिकन हवं असणाऱ्यांना फार रॉक. मला ही तक्रारच फालतू वाटते. सात वर्षं ऑनसाइट राहिलेल्या माझ्या मैत्रिणीलाही पुण्यात ‘तू आता तिकडचीच’ आणि तिकडे ‘तू मूळची कुठली’ हेच ऐकावं लागतं. ती दोन्हीकडे नुसती हसते. ओसिबिसाने त्यावर नाचायला लावलं.

मॅक टोंटो पुढे घानाला परतला, २०१० मध्ये आक्रात गेला. टेडी लंडनमध्येच राहिला, जानेवारी २०२५ मध्ये गेला. पहिल्यांदा ऐकणार असाल तर ‘वोयाया’ लावा, आणि ‘सनशाइन डे’ शनिवार रात्रीसाठी ठेवा.